शेवटचं लाल बटण

नाणं टाकलं की कॉफीचा कॅन देणारी यंत्रं तोकुजी कुमागाईनं जपानातल्या अकिताच्या डोंगरगावांत तीस वर्षं भरली. काळी, दुधाळ, बिनसाखरेची. कुठल्या वळणावर कुठली खपते, त्याला पाठ होतं. उन्हाळा लागला की सगळी बटणं निळी, म्हणजे कॉफी गार, असा कंपनीचा नियम. पण थडग्यांच्या चढाखालच्या यंत्रात गोड दुधाळ कॉफीचं एक बटण तो लालच, म्हणजे गरम, ठेवी. शिगेनोआजीचा लाकूडतोड्या नवरा भर जुलैतही गरम कॅन आधी गालाला लावायचा, मगच प्यायचा. त्याच्या थडग्यावर आजी दर महिन्याला तोच कॅन ठेवी.

आज तोकुजीची शेवटची फेरी होती.

"आजी, नवा माणूस हेही निळं करील."

"करू दे की! गार कॅन काखेत धरून चढेन मी. वर पोचेस्तोवर होईल कोमट. ह्यांचे नखरे काय आजचे आहेत?"

आज तोही तिच्याबरोबर चढ चढून वर गेला. थडग्यापुढं हात जोडून झाल्यावर तिनं कॅन तोकुजीच्या हातात दिला.

"घे, पी. इथं ठेवला तर कावळे सांडतात."

तीस वर्षांत ही गोड कॉफी त्यानं कधी चाखली नव्हती. त्यानं कॅन आधी गालाला लावला.