नकलनवीसांचं जर्मन

स्वतःशी बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण स्वतःशी जर्मन भाषेत बोलणारा, मध्येच थांबून स्वतःचंच व्याकरण सुधारणारा आणि झालेल्या चुकीबद्दल स्वतःची रीतसर माफी मागणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या खोलीत राहत होता. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी आर्वीत एका कचेरीत नवा कारकून म्हणून लागलो होतो, आणि हे गृहस्थ त्याच कचेरीत नकलनवीस होते. म्हणजे जुन्या कागदांच्या हुबेहूब नकला काढून देणं हे त्यांचं काम. वयानं माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, अंगानं किडकिडीत, डोक्यावर कायम काळी टोपी. अक्षर असं की मूळ कागदापेक्षा नक्कलच खरी वाटावी. बोलत मात्र ते जवळजवळ नसत. काही हवं असलं की कागदाच्या कपट्यावर दोन शब्द लिहून पुढे सरकवत. ‘शाई संपली.’ ‘खिडकी लावा.’ खोलीवर राहायला आलो त्या पहिल्या संध्याकाळीही त्यांनी मला असाच एक कपटा दिला. त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘चहात साखर किती?’ मला वाटलं, माणूस मौनात असावा. वर्धा जिल्ह्यात त्या काळी ते अशक्य नव्हतं.

मौन कसलं! दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीकडून असा घरघराट ऐकू आला, की मी पांघरूण फेकून धावलो. नकलनवीस हातात तांब्या घेऊन, मान मागे टाकून गुळण्या करत होते. पण गुळणीचं पाणी केव्हाच संपलं होतं आणि आवाज चालूच होता. नागपूरला सीताबर्डीच्या पदपथावर त्यांना एक फाटकं पुस्तक मिळालं होतं, घरबसल्या जर्मन शिकवणारं. त्या भाषेतला ‘र’ घशाच्या तळातून काढावा आणि त्यासाठी रोज सकाळी गुळण्यांचा सराव करावा, असं त्यात म्हटलं होतं. आणखी एक आवाज चिडलेल्या मांजरासारखा काढायचा होता. घरमालकीणकाकूंच्या मांजरीनं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती छपरावर गेली आणि दोन दिवस उतरली नाही. काकूंना वाटलं, भाडेकरूच्या छातीत कफ झाला. त्यांनी अडुळशाचा काढा सुरू केला. “घे रे बावा, गरम गरम घे. लय खराब आवाज येऊन राह्यला तुह्या घशातून,” असं म्हणत त्या पेला घेऊन उभ्या राहत, आणि नकलनवीस तो कडू काढा निमूटपणे पिऊन टाकत. मग “डांके” म्हणत, म्हणजे धन्यवाद. काकूंना ती ढेकर वाटे.

नुसतं वाचून भाषा येत नाही, बोललं तरच येते, या मतावर ते ठाम होते, आणि बोलायला माणूस नसल्यानं ते वस्तूंशी बोलत. चूल पेटवताना, अंगरख्याला बटण लावताना, सायकलला तेल घालताना आपण काय करतो आहोत ते चुलीला, बटणाला आणि सायकलला जर्मनमधून सांगत. वाक्य अडलं की हातातलं काम तिथंच थांबे. एकदा पुढच्या क्रियापदाचं रूप सापडेना म्हणून पाऊण तास अर्धी दाढी करून बसले होते. पुढे वस्तू पुरेनाशा झाल्या आणि माझी नेमणूक झाली. संध्याकाळी जेवणाआधी तासभर मी जर्मन गृहस्थ व्हायचं. मी खाटेवर बसायचो, ते बाहेर जाऊन दार ठोठावायचे, आत यायचे, टोपी काढून कमरेत वाकायचे आणि विचारायचे, “काकांची छत्री कुठं आहे?” पुस्तकात काका, छत्री आणि बाग यांचं फार महत्त्व होतं. मी पाठ केलेलं उत्तर द्यायचो, की काकांची छत्री बागेत उभी आहे. या बातमीनं त्यांना रोज नव्यानं आनंद होई. असं करता करता सहा महिन्यांत मलाही थोडं जर्मन कळू लागलं, जे मला नको होतं.

रविवारी मराठी पूर्ण बंद. आठवड्याची भाजीसुद्धा ते जर्मनमध्ये आणत. अडचण इतकीच होती की पुस्तक लिहिणाऱ्याला वांगी, भेंडी, अंबाडी यांतलं काही माहीत नव्हतं. त्याच्या मुलखात सफरचंदं पिकत. तेव्हा नकलनवीसांनी वांग्याला ‘शेपटीवालं जांभळं सफरचंद’ असं नाव दिलं होतं. भाजीवाली जाड भिंगाचा चष्मा लावणारी, फटकळ बाई होती. तिच्यासमोर उभं राहून ते हे लांबलचक नाव स्वच्छ उच्चारांत म्हणत. ती एकदा म्हणाली, “काय पाह्यजे ते बोटानं दाखव न बापू! सकायपासून तोंड दुखून राह्यलं माह्यं, तू अजून काऊन दुखवतं?” पण त्यांनी बोट दाखवलं नाही. तिनं टोपलीतली एकेक भाजी उचलून दाखवली, वांग्यावर त्यांनी मान डोलावली, आणि असं तीन रविवार झाल्यावर चौथ्या रविवारी ते दुरून दिसताच तिनं स्वतःच वांगी बाजूला काढली. “घ्या, तुमचं ते आलं,” ती म्हणाली, आणि वर “डांके” म्हणून मोकळी झाली.

त्या दिवशी पिशवी घेऊन परतताना माझ्या एकदम ध्यानात आलं, की हा माणूस आज बाजारात अर्धा तास अखंड बोलला आणि एकदाही अडला नाही. कारण एव्हाना मला त्यांच्या कपट्यांचा उलगडा झाला होता. नकलनवीस मौनात नव्हते, ते बोलताना अडखळत. मराठी शब्दाचं पहिलं अक्षर त्यांच्या ओठांवर येऊन अडे, मान ताणली जाई, डोळे मिटत, आणि शब्द बाहेर पडेपर्यंत समोरचा कंटाळून दुसरीकडे पाहू लागे. कचेरीत दोघे-तिघे तर मुद्दाम त्यांना वेळ विचारत, आणि ‘साडेदहा’ म्हणायला त्यांना किती वेळ लागतो ते घड्याळात पाहत. मी त्यांना विचारलं, जर्मनमध्ये हे असं का होत नाही? रविवार होता, तरी त्यांनी नियम मोडला. रस्त्याच्या कडेला उभं राहून, पुष्कळ वेळ घेऊन ते म्हणाले, “म... मराठीत मले लहानपणापासून लोक हासले. त्या भाषेत मले अजून कोणी हासलंच नाई.” मग पुन्हा जर्मन सुरू झालं, आणि खोलीपर्यंत आम्ही काकांच्या छत्रीबद्दल बोलत गेलो.

सेवाग्रामला एक जर्मन पाहुणा सूत कातणं शिकायला आला आहे, अशी बातमी पुढच्या उन्हाळ्यात आली. नकलनवीसांनी रजा काढली, टोपी धुतली, आणि मला सोबत घेऊन मोटारीनं निघाले. वाटभर ओठ हलत होते. पाहुणा उंच, तांबूस, अर्ध्या चड्डीतला गृहस्थ होता आणि त्याच्या चरख्याच्या चातीवरचा धागा सारखा तुटत होता. नकलनवीस पुढे झाले, कमरेत वाकले, आणि गेल्या दीड वर्षात चुलीला, सायकलला आणि मला जे जे सांगितलं होतं त्यातलं उत्तम ते निवडून, एका दमात म्हणून गेले. पाहुण्याच्या हातातला कापसाचा पेळू खाली पडला. त्यानं दोन्ही हातांनी नकलनवीसांचे खांदे धरले आणि आनंदानं भडाभडा बोलू लागला. तो बोलतच राहिला. नकलनवीसांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. दीड वर्ष त्यांनी फक्त बोलायचा सराव केला होता. समोरचा बोलेल आणि ते ऐकावं लागेल, ही गोष्ट त्यांच्या हिशेबातच आली नव्हती. मला वाटलं, आता हे पळ काढणार. पण ते शांतपणे एवढंच म्हणाले, “कृपा करून हळू बोला.” पाहुणा हसला नाही. एकेक शब्द वेगळा ठेवत तो बोलू लागला, आणि ते दोघं कडुलिंबाच्या सावलीत दुपार उतरेपर्यंत बसले. निघताना पाहुणा मला इंग्रजीत म्हणाला, “तुमचे मित्र अगदी माझ्या आजोबांच्या पत्रांसारखं बोलतात.” परतीच्या मोटारीत नकलनवीस खिडकीबाहेर पाहत होते. आर्वी जवळ आल्यावर म्हणाले, “बोलणं झालं. ऐ... ऐकणं राह्यलं.”

त्याच वर्षी दिवाळीनंतर रोहणा गावातल्या एका घरी त्यांच्यासाठी मुलगी पाहायला जायचं ठरलं. याआधी तीन ठिकाणी नकार आला होता, आणि तिन्ही वेळा कारण एकच. आईवडील नव्हते, म्हणून मोठ्या माणसाच्या जागी घरमालकीणकाकू आणि सोबतीला मी. बैठकीत मुलीचे वडील, मामा आणि गावातली चार माणसं बसली होती. मुलगी सातवी झालेली, सावळी, हातात पोह्यांचं तबक घेऊन मधल्या दारात उभी होती. वडिलांनी साधंच विचारलं, “तुमचं मूळ गाव कोणतं म्हणता?” नकलनवीसांचे ओठ मिटले. मान ताणली. सारी बैठक त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. कुणाच्या तरी हातातली कपबशी वाजली. मग मामा खुदकन हसले, आणि त्यांचं पाहून आणखी दोघं.

नकलनवीसांनी डोळे मिटले आणि जर्मन बोलायला सुरुवात केली. आवाज स्वच्छ, शांत, एकही ठेच नाही. बैठकीतलं हसू जागच्या जागी थांबलं. काकूंनी कपाळाला हात लावला. “हे काय बोलून राह्यले?” वडिलांनी मला विचारलं. मला जेवढं कळलं तेवढं मी सांगितलं. ते म्हणत होते, की मी वेडा नाही. माझं अक्षर चांगलं आहे, मला स्वयंपाक येतो, मी कुणावर ओरडत नाही. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, “माइने वोर्टे कॉमेन श्पेट.” माझे शब्द उशिरा येतात.

“मंग हेच मराठीत काऊन नाई बोलत?” मामा म्हणाले.

दारातून मुलगी म्हणाली, “बोलतील न. आपण थांबू.”

वडिलांनी तिच्याकडे चमकून पाहिलं, पण ती नकलनवीसांकडे पाहत होती. त्यांनी डोळे उघडले. आपल्या गावाचं नाव सांगायला त्यांना बराच वेळ लागला. मग वडिलांचं नाव, मग नोकरी. पोहे गार झाले. मामा दोनदा उठून अंगणात जाऊन आले. ती मात्र तबक हातात धरून उभीच होती, जणू गावाचं नाव सांगायला सगळ्यांनाच तेवढा वेळ लागतो. आठ दिवसांनी होकार आला आणि माघात लग्न झालं.

मी दुसरी खोली पाहिली, आणि थोड्याच दिवसांत माझी बदली समुद्रपूरला झाली. तीनेक वर्षांनी कामानिमित्त आर्वीला गेलो तेव्हा त्यांच्याकडे उतरलो. त्यांच्या मांडीवर लहान मुलगी होती. मी हौसेनं जर्मनमधून नमस्कार केला, तर ते ओशाळून हसले. “ग... गेलं सारं. आता वेळच नाई भेटत,” म्हणाले. खरंच भेटत नसावा, कारण ते मराठीत बोलत होते, आणि पुष्कळ बोलत होते. अडखळणं तेच, पण गोष्टी लांबच लांब. कचेरीतल्या जुन्या साहेबांची एक हकीकत सांगताना ते एका शब्दावर थांबले. मला शब्द ठाऊक होता, मी तो चटकन पुरवला. शेजारी मेथी निवडत बसलेल्या वहिनींनी मान वर केली. “भाऊजी,” त्या हळूच म्हणाल्या, “त्याईचं होऊ द्या न.”

दोन वर्षं एका खोलीत काढली, आणि त्या दोन वर्षांत त्यांचं किती मराठी मी असं मध्येच तोडून पुरं केलं असेल, याची मला तेव्हा पहिल्यांदा जाणीव झाली. कचेरीतले लोक हसत तेव्हा मला त्यांचा राग यायचा. मी स्वतः कधी हसलो नव्हतो. पण थांबलोही नव्हतो. नकलनवीसांना याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मुलीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेत ते त्याच शब्दापाशी परत गेले. वहिनी मेथी निवडत राहिल्या. मीही हात मांडीवर ठेवून बसलो, आणि या वेळी मी वाट पाहिली.