निकम गुरुजी आणि टेपावरची सोयरीक

निकम गुरुजींचं नुसत्या नावानं भागत नसे. रस्त्यात अनोळखी माणूस भेटला की ते एक काटकी उचलत, तिथेच उकिडवे बसत आणि विचारत, "कुणाकडचा?" माणूस बापाचं नाव सांगे. गुरुजी धुळीत एक रेघ ओढत आणि म्हणत, "वर चल." आजा झाला की पुन्हा, "वर चल." एखाद्यानं पणजाशीच हात टेकले तर म्हणत, "आरं, म्हशीची तीन वेतं सांगतोस, माणसांच्या पिढ्या सांगाय काय झालं?" थोड्या वेळात धुळीत फांद्याफांद्यांचं झाड उभं राही. गुरुजी निघून जात, झाड तिथेच राही. मागून पाण्याला जाणाऱ्या बायका त्याला वळसा घालून जात. कोणाचे पूर्वज आहेत कोण जाणे, पाय कशाला द्या, असा विचार.

आमचं गाव मनोरच्या अलीकडे, सूर्या नदीच्या खोऱ्यात. गुरुजी साताऱ्याकडून आमच्या शाळेवर बदलून आले आणि इथेच रमले. रविवारी ते नदीच्या काठाकाठानं गावं पालथी घालत. कोणतं घर समुद्राकडून वर आलं, कोणतं जव्हारच्या डोंगरातून खाली उतरलं, हे म्हाताऱ्यांकडून काढून घेत. शाळेत इतिहासाच्या तासाला ते राजांच्या लढाया भराभर संपवत आणि मग म्हणत, "आता आपल्या गावाकडं वळू. राजा एकच असतो, बाकीची माणसं कोण होती ते बघू." आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या पोरांना आपल्या पणजाचं नाव फळ्यावर पाहून काय वाटे, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सातवीनंतर बाबा मला शेतात घालणार होते. गुरुजी आमच्या ओटीवर येऊन म्हणाले, "शेत कुठं पळून जात नाही. पोरगं पळून चाललंय पुढं, त्याला जाऊ द्या." मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो या एका वाक्यानं.

मी कॉलेजात असताना माझ्या बहिणीचं, यमुनाचं, लग्न ठरत आलं. मुलगा हरी, बोईसरजवळच्या गावचा. तारापूरला तेव्हा मोठी बांधकामं निघाली होती, तिथे तो गवंडीकामाला जाई. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं. यमुना काही बोलली नव्हती, पण भात पाखडताना गुणगुणू लागली होती, त्यामुळे आईला उत्तर कळलं होतं. आडनाव दोघांचंही पाटील. त्यात काही विशेष नाही, आमच्या तालुक्यात दगड मारला तरी पाटलाला लागतो.

आमच्या घराला गावात 'टेपावरचे' म्हणतात, कारण आमचं मूळ घर नदीकाठच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर. बोलण्याबोलण्यात गुरुजींना कळलं की हरीच्या घरालाही 'टेपावरचे'च म्हणतात. हरीचं घर तर ओहोळाकाठी, सपाटीला. गुरुजींचे डोळे चमकले. ते बोईसरला जाऊन आले, हरीच्या आजोबांशी, धर्माबाबांशी, बोलले आणि परतले ते थेट आमच्या ओटीवर. हात चोळत म्हणाले, "सापडलं. ते तुमच्याच टेपावरून गेलेले. तुमच्या झाडाची हरवलेली फांदी आहे ती."

त्यांना वाटलं, बाबांना आनंद होईल. बाबांचा चेहरा उतरला. "गुरुजी, म्हंजे ते आमचे भाऊबंद. पोरीला भावाच्या घरात देऊन तोंड कुठं दाखवू?"

एका कुळात लग्न होत नाही, हे गुरुजींना माहीत नव्हतं का? पण शोध लागल्याच्या भरात ते भानच राहिलं नव्हतं. बोलणी मोडली. गुरुजींनी सांगितलं म्हणजे पक्कं, त्यामुळे पुढे कोणी चौकशीही केली नाही. यमुनाचं गुणगुणणं थांबलं. गुरुजी आमच्या घरावरून जाताना मान खाली घालून जाऊ लागले.

दोनेक महिन्यांनी हरीच्या चुलतभावाचं लग्न निघालं. गुरुजींना आमंत्रण होतं. पंगतीत बसताना त्यांची नजर देवकाकडे गेली. लग्नात प्रत्येक कुळ आपल्या ठरलेल्या झाडाची डहाळी देवक म्हणून पुजतं. तिथे कळंबाची डहाळी होती. आमच्या घरचं देवक उंबराचं, हे गुरुजींनी माझ्या काकाच्या लग्नात पाहिलं होतं. कूळ एक असेल तर देवकं दोन कशी? ते पानावरून उठले आणि धर्माबाबांना मांडवामागे घेऊन गेले.

कोणी ऐकत नाही ना, ते धर्माबाबांनी आधी पाहून घेतलं. मग म्हणाले, "माझा पणजा वर टेपावर घरजावई गेलेला. सासरच्यांशी पटला नाय, तं पोरांना घेऊन खाली आला. नाव तेवढा टेपाचा चिकटला, कूळ आमचा येगळाच."

"मग मी आलो तेव्हा बोलला का नाही?"

"काय बोलू? घरजावयाची अवलाद म्हनतील. नातवाला दुसरी बघू, म्हटला. पन तो बघतच नाय कोनाला."

गुरुजी म्हणाले, "बाबा, मीबी सासऱ्याच्या भाकरीवर शिकून मास्तर झालोय. लाज कसली त्यात?"

"तुमचा सासरा साताऱ्याला, कोन बघतो? माझा टेप हितं डोळ्यांसमोर हाय."

गुरुजी हसले. मग म्हणाले, "बरं. तुमच्या पणजाची गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही."

त्याच संध्याकाळी ते आमच्याकडे आले. सुट्टी असल्यानं मी घरी होतो. ओटीवर बाबा आणि दोन्ही काका. गुरुजी बसले नाहीत. "चूक माझी," ते म्हणाले. "त्यांचं देवक कळंब, तुमचं उंबर. कूळ एक नाही. साताऱ्याला आम्ही पहिलं देवक विचारतो. इथं मी नावाच्या मागं धावलो."

धाकटा काका जिभेचा तिखट. "मग ते टेपावरचे कसे? टेप तं आमचा."

"माहीत नाही."

"तुमाला माहीत नाय?"

"नाही."

"बघा, इतकी वर्षं 'वर चल, वर चल' करून आमाला झाडावर चढवला, आन आता शिडी काढून घेतली." सगळे हसले. गुरुजींचे कान लाल झाले, पण ते गप्प उभे राहिले. कोणत्याही घराबद्दल 'माहीत नाही' असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आत यमुनाच्या सुपाचा आवाज थांबला होता.

बाबा म्हणाले, "मोडलात तुमी, आता जोडा पन तुमीच."

दुसऱ्या दिवशी गुरुजी बोईसरला गेले आणि तिथेही सगळ्यांसमोर आपली चूक सांगून आले. भाताची झोडणी आटोपल्यावर लग्न झालं. मांडवात काका ओरडला, "गुरुजी, डहाळी बघून घ्या हां, मंग अक्षता टाका." गुरुजींनी खरंच जाऊन पाहिली. पुढे कित्येक दिवस गावानं त्यांना देवकावरून चिडवलं. त्यांनी ते हसून घेतलं, काटकी काही सोडली नाही.

मांडवामागची गोष्ट धर्माबाबांनी स्वतः यमुनाला सांगितली, आणि तिनं ती मला सांगितली धर्माबाबा वारल्यावर. मी गुरुजींना विचारलं, "काका एवढं बोलला तेव्हा तुम्ही गप्प कसे राहिलात?" ते म्हणाले, "पूर्वजांना घाई नसते रे. त्यांची गोष्ट आज नाही तर उद्या सांगता येते. तुझी बहीण तिकडं सूप धरून बसली होती."

निवृत्त झाल्यावरही ते आमच्याच गावात राहिले, आणि एका हिवाळ्यात सकाळी अंगणात ऊन खात बसले असताना गेले. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. भाऊबंदही सुतकात असतात, म्हणून पहिलं जेवण सोयऱ्यांकडून येतं. गुरुजींची माणसं सगळी साताऱ्याला, ती दुसऱ्या दिवसापर्यंत पोचणार नव्हती. अंत्यविधी उरकून नदीवरून आम्ही परतलो तेव्हा गुरुजींच्या पत्नी दारात बसून बायकांना म्हणत होत्या, "आमचं इथं कोण हाय आता?"

बाबा घरी जाऊन भाताचं पातेलं घेऊन आले, मी डाळ घेतली. दारात पोचतो तर यमुना आणि हरी बोईसरहून आलेले. तिच्या डोक्यावर भाकऱ्यांची टोपली.

बाबा म्हणाले, "ती राहू दे. पैला मान आमचा, गुरुजी आमच्या गावचे."

हरी एरवी बाबांसमोर मान वर करत नसे. तो शांतपणे म्हणाला, "मामा, गुरुजी तुमच्या गावचे, तं तुमी त्यांचे भाऊबंद झालात. तुमी सुतक पाळा. सोयरे आमी, जेवण आमचा."

बाबांनी पातेलंही माझ्या हातात दिलं, घरी परत न्यायला खुणावलं, आणि ओटीवर भाऊबंद बसतात त्या जागी जाऊन बसले.