लोणी ते डिंभे, एकटी

लोक लडाखला जातात, बँकॉकला जातात आणि येऊन प्रवासवर्णन लिहितात. मी लोणीहून डिंभ्याला गेले. दोन एसट्या, एक मावशी, एक धरण. हसू नका. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मी पहिल्यांदाच एकटी घराबाहेर पडले होते.

कारण फिट. पाचवीत असल्यापासून मला आकडी यायची. कधी येईल, कुठं पाडेल, काही नेम नसायचा. म्हणून विहीर बंद, चूल बंद, एसटी बंद, आणि जिथं मी तिथं आई! कुठल्याच गोळीला फिट दाद देईना, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरबाईंनी माझ्या कवटीला बारीक भोकं पाडून मेंदूत शेवईएवढ्या तारा सोडल्या. फिट नेमकी कुठून उठते ते पकडायला. मी भूल घेऊन ढाराढूर. पण ऑपरेशन चालू असताना, त्याच टेबलावर, डोक्याभोवती एक मोठं कडं फिरवून आतले फोटो काढतात. फोटोत दिसलं की एक तार ठरल्या जागेपासून सरकलीय. बाईंनी ती तिथल्या तिथं काढून पुन्हा बसवली, पुन्हा फोटो काढला आणि मगच पट्टी बांधली. पुढं वॉर्डात फिट आली, तर ती सगळ्यात आधी उमटली त्याच तारेत!

"तेव्हाच फोटो काढला नसता तर आपण अजून शोधतच बसलो असतो," बाई मला पडद्यावर ती तार दाखवत म्हणाल्या. दुसऱ्या ऑपरेशनात मेंदूचा तेवढाच तुकडा काढला. त्याला सव्वा वर्ष झालं. गोळ्या चालू आहेत, पण फिट नाही म्हणजे नाही.

मंचरच्या एका कापडदुकानाच्या शेठनी मला ब्लाउज शिवायच्या कामावर बोलावलं होतं. त्यासाठी रोज एसटीनं एकटीनं जायला हवं. आईनं अट घातली, "एकटी डिंभ्याला मावशीकडं जा अन् दिवस मावळायच्या आत घरी ये. मग बघू."

रविवारी सकाळी गाडीत खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं, गार वारा, आणि शेजारी कुणी नाही! सुखानं डोळा लागला. तर कंडक्टर गदागदा हलवतोय.

"ओ ताई! ताई! पानी आना रं कुनीतरी!"

"अहो, झोपले होते!"

"माफ करा. तुमच्या आईनं सांगितलं व्हतं, लक्ष ठेवा म्हून." सगळी गाडी माझ्याकडं बघत होती. मी मंचर येईपर्यंत पापणीसुद्धा लवू दिली नाही.

मंचरला गाडी बदलायची होती. स्टँडवर साक्षात शेठ चहा घेऊन उभे. घराणं राजस्थानचं, जैन, पण मराठी माझ्याहून चोख. "आईंचा दोनदा फोन आला, ताई. काय कळवू?"

"कळवा, माल सुस्थितीत पोचलाय." शेठ इतके हसले की चहा सांडला.

घोडेगाव मागं पडलं, डोंगर जवळ आले आणि मोबाईलची रेंज गेली. आईचे हेर संपले! डिंभ्याला मावशीनं रोहू माशाचं पातळ कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. मी चार भाकरी खाल्ल्या. मग सरळ धरणाच्या पाण्याकडं निघाले.

"कडंला नको गं जाऊ!" मावशी मागून ओरडली.

"मावशे, तू पण ये!" मी घोट्यापर्यंत पाण्यात उतरले. आई गं, केवढं गार ते पाणी! समोर हिरवे डोंगर, लांबवर एक होडी. मी मोठ्यानं ओरडले, उगाच, आनंदानं. होडीवाल्यानं हात केला.

परतीच्या गाडीसाठी स्टँडवर उभी होते. शेजारी पिंपरी पेंढारचं एक जोडपं होतं, बायकोच्या माहेरी आलेलं. एकाएकी ती बाई ताठली आणि धाडकन पडली. लोक धावले. एकानं चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. या बाबतीत माझ्याशी बोलू नका. गावातली निम्मी पायताणं मी नाकानं ओळखते.

"चप्पल खाली! सरका, वारा लागू द्या!" हा माझाच आवाज होता. ओढणीची घडी तिच्या डोक्याखाली सरकवली. "तोंडात काही घालू नका. दाबून धरू नका. भाऊ, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेलं तर दवाखान्यात न्यायचं."

तेवढ्यात माझी एसटी आली. "येताय का?" कंडक्टरनं विचारलं. पुढची गाडी कधी, देव जाणे. दिवस कलला होता.

"जा तुम्ही," मी म्हणाले.

दोन मिनिटांत तिचं अंग सैल पडलं. मी तिला कुशीवर वळवलं. तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली. "कुनाला सांगू नका ताई. लोकं काय बी बोलत्यात."

मी डोक्याला बांधलेला स्कार्फ सोडला, केस बाजूला करून तारांच्या जागा दाखवल्या. "हे बघा. मलाही यायची. सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही, पण मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. लाज कसली?"

"तुमाला? पन तुमी तर एकट्या फिरताय!"

"होय! एकटी फिरतेय!" मी इतक्या जोरात म्हणाले की अख्ख्या स्टँडनं ऐकलं.

पुढची गाडी दीड तासानं आली. खिडकीशी बसले आणि तेव्हा कुठं लक्षात आलं. एवढ्या फिट येऊन गेल्या, पण फिट दिसते कशी ते मी आज पहिल्यांदा पाहिलं. माझ्या वेळी मी तिथं नसायचेच. आई असायची.

लोणीत उतरले तेव्हा घरोघरी दिवे लागले होते. आई स्टँडवर उभी. "दिवस मावळला," ती म्हणाली.

"आई, आज मी फिट बघितली." सगळं सांगितलं. "हे असं दिसतं? आणि तू वीस वर्षं बघितलंस?"

आईनं पदर डोळ्यांना लावला. "तिला कुशीवर वळवलंस का?"

"वळवलं."

"घाबरली न्हाईस?"

"लई घाबरले."

आई रडता रडता हसली. "मंचरची गाडी सकाळी कितीला असती गं? डबा करायला लवकर उठाया लागंल."