खालांनी बांधलेला दोरा

समोरच्या घरात पीओपीचं काम चाललंय. त्या ओल्या वासानं मला माझा प्लास्टरमधला पाय आठवतो. कॉलेजच्या सहलीत मनालीला स्कीइंग करताना तो मोडला होता. शेजारच्या नसीमखाला रोज मला धरून बाथरूमपर्यंत न्यायच्या. त्यांनी खुलताबादच्या दर्ग्यातून आणलेला दोरा माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधला. भेटायला येणाऱ्या मैत्रिणी हसतील म्हणून मी तो कात्रीनं कापून उशीखाली दडवला. संध्याकाळी उशी सारखी करताना तो खालांच्या हाती लागला.

"तुटला काय बेटा?"

"हो."

त्यांनी कापलेलं टोक बोटानं चाचपलं. "असू दे, दुसरा आणते."

सकाळी त्या दुखरे गुडघे सावरत पुन्हा खुलताबादची बस पकडायला निघाल्या. मी पलंगावरून खिडकीतून पाहत राहिले. खोटं पचलं, म्हणून तेव्हा मला हायसं वाटलं होतं.