शेवटच्या सामन्याची ढाल

माझा धाकटा भाऊ कामठीच्या मैदानावर फुटबॉल शिकला आणि दक्षिणेतल्या एका व्यावसायिक संघात बचावपटू झाला. गेल्या हंगामात त्याचा संघ साखळीत सगळ्यांच्या वर होता. साखळी संपत आली आणि त्याचा गुडघा गेला. तोच, आधी एकदा शिवलेला. ऑपरेशन घरच्यांजवळ व्हावं असा त्याचा हट्ट, म्हणून त्याला रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात आणलं.

साखळीचा शेवटचा सामना होता तेव्हा ऑपरेशन झालं होतं, मी त्याच्या खाटेजवळ बसले होते. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. बरोबरी झाली, तेवढी पुरली. सगळ्यात जास्त गुणांची ढाल त्याच्या संघाला मिळाली. कर्णधारानं ती उचलली. पोरं नाचायला लागली.

"आता तुयं नाव घेतीन," मी म्हणाले.

कर्णधार बोलला, प्रशिक्षक बोलले. फोटो झाले. भावाचं नाव कोणीच घेतलं नाही.

"घाईत राहून गेलं असन गा."

"पुऱ्या सीझनची ढाल आहे वं ताई. पुरा सीझन मीच त उभा होतो मागं."

तेवढ्यात बाबा डबा घेऊन आले. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात कापड विणल्यानं त्यांना कमी ऐकू येतं. "जिंकले काय? कप भेटला?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

"कपाचे सामने आता होतीन बाबा. हे ढाल आहे. सालभर जो वर राहिला त्याले."

"म्हणजे तुयीच झाली."

भावानं भिंतीकडे तोंड फिरवलं. बाबा डबा हातात धरून तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, चालाल, जिनाही चढाल, पण तो खेळ आता नाही. पुढे कपाच्या सामन्यांत त्याचा संघ उपांत्य फेरीत हरला. क्लबनं त्याचा करार वाढवला नाही. ढालीसोबत खेळाडूंना मिळालेलं पदक त्याला आलं नाही, त्यासाठी मीच क्लबला फोन केला. पलीकडचा माणूस सभ्यपणे "बघतो" म्हणाला. मी पुन्हा फोन केला नाही.

आता तो गांधीबागेत कापडाच्या दुकानात असतो. गादीवर मांडी घालता येत नाही, म्हणून मालकानं त्याला स्टूल दिलं आहे. जुने सोबती रविवारी मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवायला बोलावतात. "येतो ना," म्हणतो, आणि दार लावून झोपून राहतो. बाबा त्याला उठवत नाहीत. मीही नाही.