तालपेटीवरचा कशिदा

राजापेठेतल्या आमच्या घरी तबलजी आलेला सासूबाईंना चालत नसे. सुनेनं गावं, पण परक्या पुरुषासमोर बसून रोज तालीम करू नये, असा त्यांचा न्याय होता. माझे यजमान कॉलेजात फिजिक्स शिकवत. त्यांनी वाद घालण्याऐवजी तबलजीच बनवायला घेतला. जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह, एक स्पीकर आणि हरभऱ्याच्या घाट्याएवढे निऑनचे दिवे, सगळं एका उघड्या पेटीत. दिवे लुकलुकले की स्पीकरमधून ठोके निघत, एक डग्ग्यासारखा जाड, बाकीचे किनरे. सम ठरलेली असे, पण मधल्या जागा पेटी आपल्या मर्जीनं भरायची. गेलेलं आवर्तन पुन्हा तसंच येत नसे. "ही नुसती वाजत नाही, विचार करते," असं हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

मला तिची धास्तीच वाटे. संध्याकाळी खोलीत अंधारून आलं, की तिची सम अडखळायची. मी ह्यांना सांगून पाहिलं. "जिनिंग सुरू झालं असन, व्होल्टेज पडलं," हे उत्तर. कपाशीच्या हंगामात आमच्याकडे कशाचंही खापर जिनिंगच्या गिरण्यांवर फुटायचं. बायकोचं ऐकायला फिजिक्सची पदवी पुरत नाही, असं मी मनात म्हटलं.

अशात अकोल्याहून, ह्यांच्या जुन्या कॉलेजातून, स्नेहसंमेलनात पेटीसह गाण्याचं बोलावणं आलं. अकोला म्हणजे सासूबाईंचं माहेर. त्या म्हणाल्या, "एकदा गाऊन पाय. पण माह्या माहेरात हसं झालं, तर मंग देवापुढंच गात जाय." त्या बोलल्या की ते बदलत नसे. माझं गाणं त्या एका गाण्यावर टांगलेलं होतं.

बडनेऱ्याला गाडीत बसल्यावर सासूबाईंनी पिशवीतून एक घडी काढली. पेटीसाठी कव्हर. जाड निळ्या मॅटीच्या कापडावर मोर आणि वेलबुट्टी, आमच्या रेडिओवर होतं तसंच, पण त्याहून देखणं. "उघड्या तारा चार लोकायत नेतेत काय?" एवढंच बोलल्या. माझ्या गाण्यासाठी त्यांनी केलेली ती पहिली गोष्ट होती.

पडदा सरकायच्या आधी ह्यांनी पेटी सुरू करून कव्हर घातलं. ध्रुवपद नीट गेलं. अंतऱ्यात सम उशिरा आली, पुढची लवकर. मग ठोके वाटेल तसे पडू लागले. मागच्या बाकांवरची पोरं हसली. हे विंगेतून हातानं 'व्होल्टेज, व्होल्टेज' अशा खुणा करत होते. पण रंगमंचावरचे दिवे तर लख्ख होते! अंधार होता फक्त पेटीच्या आत.

पहिल्या रांगेत सासूबाई भावजयीला बोटानं ते मोर दाखवत होत्या.

मी आलाप घेतला आणि लांबवत राहिले. कव्हर काढावं तर भर सभेत त्यांचा कशिदा दूर सारल्यासारखं, न काढावं तर गाणं गेलं. दम संपत आला तेव्हा मी हात लांबवून कव्हर ओढलं आणि मांडीवर घेतलं. दोन ठोके वाकडे पडले, तिसऱ्याला सम आली. पुढचं गाणं कसं झालं ते मला आठवत नाही. टाळ्या पडल्या तेवढ्या आठवतात.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आलं तेव्हा सासूबाई माझ्याकडे वळल्या. कव्हर त्यांच्याजवळ होतं.

"काहून काढलं?"

"त्या दिव्यायले उजेड लागते, आई. झाकलं का सम चुकते."

हे व्होल्टेजबद्दल काही सांगू लागले.

"तू गप राय," त्या म्हणाल्या. कव्हर उलगडून त्यांनी खिडकीकडे धरलं. त्यातून उजेड येतच नव्हता. मोरांवरून एकदा हात फिरवून त्यांनी त्याची घडी घातली.

"पुढच्या खेपेले जाळीचं विणून देतो."