पट्ट्यांच्या वरचं झाड

त्यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते बसच्या आरशात. ते चालवत त्याच बसने मी रोज शाळेत शिकवायला जायची, पुढच्या बाकावर बसून. एकदा नमस्कार केला, तर समोर बघतच ते म्हणाले, "बोला बाई, कान तुमचे. मान मात्र रस्त्याची."

पुढे आम्ही शेजारी झालो, दोघंही निवृत्त झालो. गल्लीतली मुलं त्यांना गिअरकाका म्हणत, कारण गप्पा मारतानाही त्यांचा एक हात हवेत गिअर टाकत असे.

मग एका डोळ्याची कडेची नजर गेली. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. काका घरच्या गाडीची किल्ली उशाखाली घेऊन झोपू लागले. "किल्ली दिली की मी कोण? घरातलं सामान," असं मला एकदा म्हणाले, हसत, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीने दक्षिणेकडे रमतगमत जायचा बेत केला. रस्ता काकांच्या बसचाच. काकूंनी मलाही ओढलं. निघायच्या वेळी बघतो तर काका स्टिअरिंगमागे बसलेले.

"बाबा, उठा."

"वळण न् वळण पाठ आहे मला!"

"समोरून येणाऱ्या ट्रकला आहे का पाठ?" काकू म्हणाल्या. "उठा, नाहीतर मी टपावर बसते."

काका उठले. "किल्ली उसनी देतोय. येताना मीच चालवणार."

शेजारच्या सीटवर ते फुगून बसले. लेकीने जरा वेग घेतला की त्यांचा पाय खालच्या पायपोसावर ब्रेक दाबे.

"दाबा, दाबा," मागून काकू. "पायपोस थांबेल."

पूल संपून चढ लागला. "आता पट्टेवाला येईल. तिथे दुसरा गिअर," काका म्हणाले. आला. लाल-पांढरे पट्टे रंगवलेला एक बुंधा. लेकीने चहासाठी तिथेच गाडी थांबवली. काका उतरले, ओळखीच्या माणसाला थोपटावं तसे पट्टे थोपटले आणि मान वर केली.

वर बहावा होता. पान असं दिसतच नव्हतं. पिवळे घोसच्या घोस खाली लोंबत होते, त्यांतून गाळून आलेलं ऊन काकांच्या कपाळावर पिवळं पडलं होतं. मी वर्गात मुलांना बहावा शिकवलेला; पण त्याच्याखाली उभी राहिले आणि माझीही मान वरच राहिली.

"हा... इथेच होता?" काकांनी विचारलं.

"छे! काल रात्री तुमच्यासाठी आणून रोवला," काकू म्हणाल्या.

काका हसले नाहीत. "अगं, दर उन्हाळ्यात इथे काचेवर पिवळं काहीतरी पडायचं. मी वायपर लावायचो."

काकूंनी मग त्यांची थट्टा केली नाही. चहा कपात निवून गेला.

पुढे प्रवास असा रेंगाळला की विचारू नका. कुड्याची पांढरी फुलं दिसली, थांब. करवंदाची जाळी दिसली, थांब. कडेचं दिसत नसल्यामुळे काका पुरती मान वळवून बघत. नोकरीभर न वळलेली ती मान.

परतीच्या सकाळी लेकीने निमूटपणे किल्ली पुढे धरली. काकांनी ती तळहातावर घेतली, बराच वेळ बघितली.

"तूच चालव," ते म्हणाले. "येताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूचं बघायचं राहिलंय माझं."

हल्ली किल्ली लेकीच्या घरी असते. रविवारी ती न्यायला येते तेव्हा काका शेजारच्या सीटवर बसतात, आणि तिने वेग घेतला की अजूनही पायपोस दाबतात.